शेक आधी झाला, ऑपरेशन नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्याच्या पानावर पोटाच्या कॅन्सरविषयी लेख आला होता. लेख सोप्या भाषेत आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण ‘ऑपरेशन आणि केमोचा उपयोग होईनासा झाला म्हणजे शेवटी रेडिएशन देतात’ हे वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून हे पत्र लिहायला बसलो. माझं रेडिएशन शेवटी झालं नाही, सगळ्यांत आधी झालं. आणि ते आधी करायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात जी रडारड झाली, ती असल्याच ऐकीव वाक्यांमुळे झाली.

मी ६९ वर्षांचा, निवृत्त ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. तीन वर्षांपूर्वी मला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला. हा शब्द चारचौघांत उच्चारायला लोक कचरतात, म्हणून सगळे ‘पोटाचा’ म्हणतात. त्याआधी आठ महिने ती ‘मूळव्याध’ होती. शौचाला रक्त पडायचं, मी रात्री इसबगोल घ्यायचो, आणि ज्यांचं औषध चालू होतं त्यांनी एकदाही बोट घालून तपासलं नाही. मीही लाजेने विषय वाढवला नाही, तेव्हा निम्मा दोष माझा. गाठ गुदद्वारापासून सहा सेंटिमीटरवर होती. बोटाला सहज लागली असती.

दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला, निदान झालं, आणि पहिल्या ठिकाणच्या सर्जनांनी सांगितलं, ‘गुरुवारी करून टाकू.’ आम्हाला हायसं वाटलं. काढून टाकलं की सुटलो, हा हिशेब सगळ्यांना कळतो. माझी भाची मुंबईत नर्स आहे, तिने फोनवर एवढंच विचारलं, ‘मामा, खालच्या भागाचा एमआरआय झालाय का?’ झाला नव्हता. केला, तेव्हा कळलं की गाठ आतड्याची भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत शिरली आहे, आणि सर्जन ज्या पडद्याच्या कडेने कापतात त्या कडेपासून एक मिलिमीटरसुद्धा उरलेला नाही. एकास शंभरच्या नकाशात मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर. इथे मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरच. त्या गुरुवारी ऑपरेशन झालं असतं तर गाठीचा काही भाग आत राहण्याचा धोका मोठा होता.

दुसऱ्या रुग्णालयात सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसले आणि ठरलं: आधी २८ दिवस रेडिएशन, सोबत केमोच्या गोळ्या, मग थांबायचं, मग ऑपरेशन. घरी सुतकी कळा. थोरल्या भावाचा फोन आला, ‘शेक सांगितलाय म्हणजे केस हाताबाहेर गेली असणार.’

रेडिएशनला ‘शेक’ म्हणणं गुजरातीतही आहे आणि आपल्यातही, आणि दोन्हीकडे त्याने घोटाळा केला आहे. शेजारच्या वहिनींनी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, घरीही थोडा शेक घेत जा म्हणाल्या. किरणं लागलेल्या कातडीला गरम पिशवी लावणं म्हणजे भाजल्यावर चटका. आणि एकांनी सौ.ला बाजूला घेऊन सांगितलं की नातवाला जवळ घेऊ देऊ नका, किरणं लागतील. बाहेरून यंत्राने दिलेली किरणं यंत्र बंद झालं की संपतात, अंगात काही साठत नाही. नातू माझ्याच मांडीवर बसून वरण-भात खात होता.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, कारण मला ते आवडलं. कॅन्सरच्या उपचारात आवडण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल, पण जन्मभर रेघा मारलेल्या माणसाला आवडेल असंच ते आहे. आधी सीटी स्कॅन करून शरीराचे पातळ आडवे छेद घेतात. मग रेडिएशनच्या डॉक्टर त्या एकेका छेदावर गाठीभोवती रेघ काढतात, लसीकाग्रंथींभोवती (लिम्फ नोड्स) दुसरी, मूत्राशय आणि लहान आतड्याभोवती आणखी वेगळ्या. मी काय काम करायचो हे कळल्यावर डॉक्टरबाईंनी स्क्रीन दाखवला आणि म्हणाल्या, ‘काका, तुम्ही माझ्यापेक्षा बरी रेघ मारली असती.’ मग कातडीवर सुईने शाईचे तीन ठिपके, एक बेंबीच्या खाली आणि दोन्ही कुशींवर एकेक. रोज टेबलावर निजलं की तिन्ही बाजूंनी लेझरच्या रेघा त्या ठिपक्यांवर जुळवतात. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन! किरणं अनेक बाजूंनी येतात आणि नेम धरलेल्या जागी एकमेकांना छेदतात, म्हणजे मोठा डोस तिथे आणि आजूबाजूला कमी. काही दुखत नाही, गरम लागत नाही. यंत्र भोवती फिरतं, काही मिनिटांत ‘उठा काका’.

रोज १.८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), असे २८ दिवस, एकूण ५०.४. शनिवार-रविवार सुट्टी. डोस असा तोडून देतात कारण निरोगी पेशी मधल्या वेळात स्वतःला दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं साधत नाही. पण मध्ये खाडे चालत नाहीत, कारण तेवढ्यात कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. बाहेरच्या बाकावर बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचे एक शेतकरी रोज माझ्या शेजारी असत, अन्ननलिकेचा कॅन्सर. ‘केटला थया?’ (किती झाले?) हे आमचं नमस्कार-चमत्कार. माझे चौदा झाले तेव्हा त्यांचे अकरा झाले होते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या गावच्या माणसाकडून कळलं की नातेवाइकांनी घरी नेलं, ‘शेवटचाच उपाय आहे तर कशाला हाल’ म्हणून. त्यांची फाइल मी पाहिलेली नाही, तेव्हा अधिक बोलत नाही. पण अन्ननलिकेच्या बाबतीत हॉलंडमधला २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास भाचीने मला दाखवला होता. तिथे ऑपरेशनच्या आधी २३ वेळा हाच १.८ ग्रेचा डोस केमोबरोबर दिला, तर निम्मे रुग्ण ४९ महिन्यांहून जास्त जगले; नुसत्या ऑपरेशनवाल्यांत हाच आकडा २४, म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक.

बाकावरची खरी परीक्षा मात्र वेगळीच. मूत्राशय भरलेलं असलं की लहान आतडी वर सरकतात आणि किरणांतून वाचतात, म्हणून अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायचं. त्यातच यंत्र अडकलं आणि ‘अजून वीस मिनिटं’ असा निरोप आला, की आम्हा म्हाताऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होत.

त्रास झाला नाही असं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाला सात-आठ जुलाब, लघवीला जळजळ, आणि थकवा असा की सूरसागर तलावापर्यंतची फेरीसुद्धा बंद. गोळ्यांनी तळहात सोलवटले. सेव-उसळीच्या गावात दीड महिना पेज आणि ताक-भात. नंतर आठ आठवडे नुसतं थांबायचं होतं, तेव्हा भाऊ पुन्हा चिडला, की डॉक्टर विसरले का? विसरले नव्हते. किरणं थांबल्यावरही गाठ आकसत राहते. काहींची तर पूर्ण नाहीशी होते. माझी झाली नाही, पण कडेपासून मागे हटली, आणि सर्जनांना स्वच्छ कड मिळाली. चार महिने पोटावर मल गोळा करायची पिशवी होती, नंतर आतडं पुन्हा जोडलं. आजही दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं. लांबच्या लग्नांना जात नाही, त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

आणि आधीच का, नंतर का नाही? याचंही उत्तर आहे. जर्मनीत ८०० हून जास्त रुग्णांवर हे तपासलं, २००४ साली निष्कर्ष आले. ऑपरेशननंतर शेक दिलेल्यांपैकी १३ टक्क्यांना पाच वर्षांत त्याच जागी गाठ परतली, आधी दिलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. त्रासही आधी दिलेल्यांना कमी.

लेखातलं दुसरं खटकलं ते ‘पोटाचा कॅन्सर’ असा एकच गठ्ठा बांधणं. गुदाशय कटीच्या हाडांत एका जागी असतो, नेम धरता येतो. त्याच्याच वरचं मोठं आतडं हलतं आणि शेजारी नाजूक लहान आतडी, म्हणून तिथे शेक क्वचितच देतात. गुदद्वाराच्या कॅन्सरला बहुतेक वेळा शेक आणि केमो एवढ्यावर भागतं, ऑपरेशनच लागत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे डॉ. नॉर्मन निग्रो यांनी ते १९७४ पासून दाखवून दिलं. जठराला मात्र आता केमोवरच भर आहे. २०२४ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनआधी त्यात शेकाची भर घालून आयुष्य वाढलं नाही. आणि गुदाशयाच्या रुग्णांतही काही निवडक जणांचं शेकाशिवाय भागतं, हेही २०२३ मध्ये सिद्ध झालं आहे. म्हणजे शेक सगळ्यांना हवाच, असं माझं म्हणणं नाही. कुठल्या अवयवाला, कितव्या मिलिमीटरवर, हे पाहून तो ठरतो, आणि पुष्कळदा पहिल्याच दिवशी ठरतो.

आपला पेपर त्या बाकावर रोज वाचला जातो, चार जणांत पानं वाटून. म्हणून एक विनंती. आमच्या खात्यात नकाशा चुकला तर खाडाखोड करत नसू. कोपऱ्यातल्या चौकटीत सुधारणा क्रमांक, तारीख आणि सही घालून नवी प्रत काढत असू. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत तेवढं करावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
दांडिया बाजार, बडोदे
(नाव छापू नये. नातवाच्या शाळेतली मुलं पेपर वाचतात.)