विषय : ३८ जीबी डेटासाठी ४०० जीबी डिस्कचं बिल

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या माणसाशी चौथा फोन झाला. पाचवा करणार नाही.

आमचं मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे. साध्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, पोस्टग्रेस हा डेटाबेस स्वतः चालवला असता तर निम्म्या पैशात भागलं असतं. तुमच्या डेटाबेस सेवेकडे आलो ते 'मॅनेज्ड', म्हणजे देखभाल तुम्ही करणार, या शब्दाला भुलून.

डेटा हलवला तुमच्याच टूलने. काम संपल्यावर त्याने आपला रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे कॉपी कुठवर झाली याची खूण, तसाच मागे ठेवला. वाली नसलेला स्लॉट वॅल फाईल्स (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदी) पुसू देत नाही, हे मी सांगायला नको. अशा साठणाऱ्या फाईल्सवर मर्यादा घालायची सोय पोस्टग्रेस १३ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. तुम्ही ती घातली नाहीत, आम्हालाही घालू दिली नाहीत. डिस्क आपोआप वाढवणारं ऑटोस्केलिंग मात्र तत्पर! १०० जीबीची डिस्क ४०० वर गेली.

आता तो फोन. मी म्हटलं, स्लॉट काढा. उत्तर आलं, "सर, नको असलेले फोटो, फाईल्स डिलीट करून बघितल्या का?" म्हटलं, अहो, हा डेटाबेस आहे. "हो सर, पण जागा फाईल्सनीच भरते ना?" भरते, तुमच्या फाईल्सनी. मग पाच मिनिटं बासरी ऐकवली. परत येऊन, "जुनी बुकिंग्ज उडवता येतील का सर?" वैशाखातली लग्नं उडवू? मुलीच्या वडिलांना फोन तुम्ही करणार का? शिवाय रेकॉर्ड डिलीट केले की त्याचंही वॅल लिहिलं जातं, म्हणजे जागा आणखी भरते. हे तुमच्या खुर्चीत बसलेल्याला मी शिकवायचं, आणि महिन्याचे पैसेही मीच भरायचे.

शेवटी कोणा वरिष्ठाने स्लॉट काढला. एका ओळीचं काम, नऊ दिवस लागले. डिस्क मात्र "वाढवता येते, कमी करता येत नाही". नवा इन्स्टन्स (वेगळा डेटाबेस सर्व्हर) घ्या, डम्प (डेटाची पूर्ण प्रत) काढा, तिथे रिस्टोर करा, सगळं तुमचं तुम्ही. मग मॅनेज नक्की कोण करतंय?

स्लॉट तुमच्या टूलचा होता, हे पुन्हा लिहितो, कारण चारही फोनवर ते कोणी कबूल केलं नाही.

वाढीव ३०० जीबीचे पैसे परत करा आणि १०० जीबीच्या नव्या इन्स्टन्सवर डेटा तुमच्या माणसांनी हलवावा. ३० तारखेपर्यंत वाट बघतो. नाहीतर डम्प काढता मलाही येतो, तो दुसरीकडे रिस्टोर करीन. दोन मित्रांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं, त्यांच्याशी काल बोललोय.

उत्तर लेखी द्या. बासरी नको.