विंडोज बदलण्याआधी टेबलावरची यंत्रेही तपासा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय कार्यालयांतील व शाळांतील संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यापूर्वी संगणक, त्याला जोडलेली उपकरणे आणि वापरातले सॉफ्टवेअर यांची जागेवर तपासणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी नाशिकमध्ये गेली २२ वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो. शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रे, कांद्याच्या व्यापाऱ्यांचे भुईकाटे आणि तालुक्याची कार्यालये हे माझे गिऱ्हाईक. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून या सगळ्यांचा प्रश्न एकच आहे, की आहे त्या संगणकावर विंडोज ११ टाकायचे की संगणकच बदलायचा. २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आणि २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चा आधार संपला, तेव्हाही मी याच कामासाठी तालुक्या-तालुक्यांत फिरलो होतो. तिन्ही वेळा माझ्या पाहण्यात जे नुकसान झाले, त्याचे मूळ एकाच ठिकाणी सापडले. नवी प्रणाली टाकण्याआधी त्या टेबलापाशी कोणी आले नाही आणि तिथे बसणाऱ्या माणसाला ‘तुम्ही यावर काय काय करता’ असे कोणी विचारले नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण असे कुठेही होऊ शकते. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारच्या सुट्टीत सहा संगणकांवर विंडोज ११ टाकण्यात आले. काम करायला आलेल्या मुलांकडे यादी होती, यादीत प्रोसेसर आणि रॅम लिहिलेली होती, आणि त्या यादीनुसार सहाही संगणक पात्र होते. सोमवारी दहाच्या सुमारास मला फोन आला. जाऊन पाहतो तो सहाही संगणक अगदी सुरळीत चालू होते, पडद्यावर नवे निळे चित्र होते आणि एकाही टेबलावर काम होत नव्हते.

झाले असे, की त्या संगणकांवर आधी ३२ बिटचे, म्हणजे जुन्या बांधणीचे, विंडोज १० होते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये, म्हणजे नव्या बांधणीत, येते, त्यामुळे जुन्यावरून नव्यावर सरळ जाता येत नाही, प्रणाली नव्यानेच टाकावी लागते. त्यात हार्ड डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती आणि विंडोज ११ ला यूईएफआयबरोबर (संगणक सुरू करून देणारे नव्या पद्धतीचे अंगभूत सॉफ्टवेअर) जीपीटी या नव्या पद्धतीची मांडणी हवी असते. हे रूपांतर डेटा राखून करता येते, विंडोजमध्ये त्यासाठी साधनही आहे, पण त्याला वेळ लागतो आणि आधी बॅकअप घ्यावा लागतो. मुलांनी जवळचा रस्ता धरला आणि डिस्कवरची सगळी पार्टिशन पुसून टाकली. आपल्या कार्यालयांत एक समज फार घट्ट बसलेला आहे, की फॉरमॅट मारला तरी सी ड्राइव्ह तेवढा जातो आणि डी ड्राइव्हवर ठेवलेले सुखरूप राहते. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा असतो, मांडणीच पुसली की दोन्ही कप्पे एकदम जातात.

तिथल्या लिपिक ताईंनी सात वर्षांत तयार केलेले पत्रांचे आणि आदेशांचे मसुदे डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवलेले होते. कोणता मसुदा कोणत्या फाइलमध्ये आहे हे लगेच सापडावे म्हणून त्यांनी एक दोनशेपानी वही केली होती, तिच्यात डावीकडे विषय आणि उजवीकडे पेन्सिलीने फाइलचे नाव. ती वही टेबलावर उघडी होती आणि ताई एकेका नावावर बोट ठेवून मला विचारत होत्या, ‘ही तरी मिळेल का?’ काही फाइल मी सॉफ्टवेअर लावून परत काढू शकलो, पण पुष्कळ गेल्या. ज्या मिळाल्या त्या उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसू लागला, कारण जुने मसुदे युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते आणि तो फॉन्ट विंडोजबरोबरच पुसला गेला होता. त्या फॉन्टच्या पॅकेजला डोंगल (परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावायचे छोटे उपकरण) लागायचा. डोंगल ड्रॉवरमध्ये होता, पण त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखू आणून देणारे सॉफ्टवेअर) कुठेच मिळाला नाही.

साहेबांच्या डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (पेन ड्राइव्हसारखे छोटे उपकरण) लावला तर दिवा लागायचा, पण संगणक त्याला ओळखत नव्हता. अंगठा घेण्याच्या मशीनची तीच गत. टोकनचा ड्रायव्हर, स्वाक्षरी करणारी छोटी उपयोजना, बायोमेट्रिक मशीनची आरडी सर्व्हिस (अंगठ्याची नोंद सुरक्षितपणे पुढे पाठवणारे सॉफ्टवेअर) हे सगळे आधीच्या संगणकावर कोणी तरी कधी तरी बसवून दिलेले होते आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. दारात दाखल्यांसाठी आलेली माणसे उभी होती. त्यांतल्या एक बाई मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला घ्यायला पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला, आणि गुरुवारी पुन्हा यावे लागले म्हणून तो दोनदा बुडाला. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने दाखल्याला मुदत घालून दिली आहे, पण ती पाळायला टेबलावरचा टोकन चालावा लागतो.

महोदय, विंडोज ११ ला काय लागते हे २०२१ पासून जाहीर आहे. ६४ बिटचा किमान ड्युअल कोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय, सिक्युअर बूटची (सुरू होताना अनधिकृत सॉफ्टवेअर अडवण्याची) सोय आणि टीपीएम २.० (गुप्त चाव्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय). शिवाय प्रोसेसर मान्य यादीतला हवा, म्हणजे ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा. (४ जीबी हा आकडा कागदापुरता आहे. तीन-चार पोर्टल एकदम उघडून बसणाऱ्या ऑपरेटरला ८ जीबीहून कमी रॅमचा संगणक देऊ नये आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.) हे सगळे तपासायला मायक्रोसॉफ्टचेच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे मोफत साधन आहे आणि आपल्या यंत्रणेत बहुधा तेवढ्याच तपासणीवर भागवले जाते. पण ते साधन संगणकाचे पोट तपासते, त्याच्या पाठीला काय जोडलेले आहे ते त्याला दिसत नाही. त्याने हिरवी खूण दिली म्हणजे स्कॅनर चालेल, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालेल, पासबुक छापले जाईल, असा अर्थ कोणीही काढू नये.

लासलगाव परिसरातल्या एका भुईकाट्यावर हेच घडताना मी पाहिले. संगणक नवा, विंडोज ११ व्यवस्थित, पण काट्याचा आकडा पडद्यावर येईना. काट्याची तार जुन्या सिरियल पोर्टची आणि ती संगणकाला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर दहा-बारा वर्षांपूर्वीचा. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडले तर पिवळ्या त्रिकोणाशेजारी लिहिलेले होते, की आतली प्रोलिफिक कंपनीची चिप २०१२ पासून बाजारातून काढून घेतली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. कन्व्हर्टर काही शे रुपयांचा, पण तो नाशिकहून येईपर्यंत कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे होते. आदल्या दिवशी कोणी पाच मिनिटे तो कन्व्हर्टर लावून पाहिला असता, तर एवढे झालेच नसते.

याच्या उलट चूकही होते आणि ती शासनाला जास्त महाग पडते. शहरातल्या एका शाळेने दहा संगणक ‘अपात्र’ ठरवून निर्लेखनाचा (निकामी म्हणून नोंदीतून काढण्याचा) प्रस्ताव तयार केला होता. त्यांतल्या आठांमध्ये नवव्या पिढीचे प्रोसेसर होते, म्हणजे ते यादीत बसत होते. फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएमची सोय बंद होती. इंटेलच्या संगणकात ती पीटीटी आणि एएमडीच्या संगणकात एफटीपीएम या नावाने असते, आणि असेंबल केलेल्या संगणकात ती पुष्कळदा सुरुवातीपासूनच बंद असते. ती चालू केल्यावर आठही संगणक पात्र ठरले. असे किती चांगले संगणक केवळ एका बंद पर्यायापायी ई-कचऱ्यात जात असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते. निर्लेखनाच्या कोणत्याही प्रस्तावावर ‘बायोस तपासले’ अशी सहीनिशी नोंद असल्याशिवाय तो पुढे जाऊ नये.

काही जण अटी वगळून विंडोज ११ टाकणारा पेन ड्राइव्ह घेऊन फिरतात. शासकीय संगणकावर तो कदापि चालवू देऊ नये. अशा संगणकाला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि सुरक्षा अद्यतनांसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर टू ड्युओच्या काळातले फार जुने प्रोसेसर तर सुरूच होत नाहीत, कारण त्या आवृत्तीला लागणारी एक आज्ञा त्या प्रोसेसरमध्ये मुळातच नाही.

घाई करण्याचे कारणही नाही. जे संगणक लगेच हलवता येत नाहीत, त्यांच्यासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने विकत मिळतात. संस्थांसाठी जाहीर दर पहिल्या वर्षाला प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे, तो दरवर्षी दुप्पट होतो आणि मुदत जास्तीत जास्त ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहे. शैक्षणिक संस्थांना हाच दर पहिल्या वर्षी केवळ १ डॉलर आहे. शाळांनी तो घ्यावा यासाठी आपल्या विभागाने एक परिपत्रक काढले, तरी आमच्या १५ तालुक्यांतल्या कितीतरी संगणक कक्षांना नीट विचार करायला अवधी मिळेल. जे संगणक कशातच बसत नाहीत, त्यांच्यावर लिनक्स ही मोफत, मुक्त प्रणाली टाकण्याचा पर्यायही आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची बॉस ही लिनक्स प्रणाली आपल्याच देशातली आहे आणि केरळमध्ये काइट ही शासकीय संस्था शाळांना मुक्त प्रणाली पुरवते. मात्र तिथेही आधी प्रिंटर लावून पाहावा लागतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे टिकलेल्या काही लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना माझ्यासारख्यालाही घाम फुटतो.

नव्या खरेदीतही हीच खबरदारी हवी. बाजारात आता एआरएम प्रोसेसरचे (मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या) लॅपटॉप आले आहेत. त्यांची बॅटरी चांगली टिकते, पण नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या संगणकासाठी केलेला ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाही. निविदेत ‘विंडोज ११ सह’ एवढेच लिहिले आणि असा लॅपटॉप स्वाक्षरीच्या टोकनसाठी आला, तर तो बंद कपाटातच जाईल.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रणाली बदलण्याचा आदेश काढण्याआधी प्रत्येक टेबलासाठी एक तपासणी पत्रक भरून घेण्याचा आदेश काढावा, आणि ते त्या टेबलावर रोज बसणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर बसून भरावे. संगणकाला कोणती उपकरणे जोडलेली आहेत, ती वर्षातून कधी तरीच लागणारी असली तरी. कोणते सॉफ्टवेअर, कोणते फॉन्ट, कोणते टोकन वापरात आहेत. त्यांचा ६४ बिटचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतो का. डेटा नेमका कुठे आहे आणि त्याची प्रत त्या संगणकाबाहेर घेतली का. आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाने) बंद असेल तर तिची ४८ अंकी चावी कोणाकडे आहे, एवढे त्यात असावे. चावीचा मुद्दा किरकोळ समजू नये. बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खासगी मायक्रोसॉफ्ट खात्यात चावी अडकल्याने बंद पडलेला लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन गेला आहे.

पत्रक भरल्यावर प्रत्येक कार्यालयात आधी एकच संगणक बदलावा आणि त्यावर निदान आठवडाभर खरे काम करून पाहावे. एक दाखला काढावा, एक स्वाक्षरी करावी, एक पान छापावे. जुन्यावरून नव्यावर सरळ नेलेला संगणक दहा दिवसांच्या आत मूळ स्थितीत परत नेता येतो, त्यामुळे काही अडले तर वाट मोकळी असते. नव्याने टाकलेल्या प्रणालीला ही सोय नाही, म्हणून तिथे आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) घेतलीच पाहिजे. हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या आणि दाखल्यांच्या गर्दीत काढू नये. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशिक आणि त्र्यंबकेश्वरची कार्यालये आधीच कामाने वाकलेली आहेत, तेव्हा त्यांचे वेळापत्रक जिल्हा प्रशासनाला विचारूनच ठरवावे.

असे पत्रक मी माझ्या कामासाठी तयार केले आहे. ते दोन पानांचे आहे आणि एका टेबलाला साधारण पाऊण तास लागतो. जिल्ह्यातले कोणतेही एक कार्यालय आपण सांगावे, मी तिथल्या सगळ्या टेबलांची तपासणी कोणताही मोबदला न घेता करून देईन आणि भरलेली पत्रके आपल्या विभागाकडे पाठवीन.

आपला विश्वासू,
नाशिक येथील एक संगणक दुरुस्ती कारागीर