बाटली नको, खाट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात नागपुरात जरा कणकण आली, गळून गेल्यासारखे वाटले, की दवाखान्यात पहिली मागणी होते, 'डॉक्टर, एक बाटली लावून द्या.' तासाभराने रोगी खरोखर तरतरीत होऊन उठतो आणि श्रेय बाटलीला मिळते. ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. त्यात मल्टिव्हिटॅमिन सोडले की पाणी पिवळे होते आणि रोग्याचा विश्वास दुणावतो! ज्याला तोंडाने पाणी जाते, त्याला यातले काहीच शिरेतून द्यायची गरज नसते. उलट शीर सुजते, हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर जादा पाणी फुप्फुसात साचते. उलट्या थांबतच नसतील किंवा उन्हाने शुद्ध हरपत असेल, तर मात्र थेट मोठे रुग्णालय गाठावे. तिथे सलाईन लागते.

मग तरतरी कशाने येते? कूलरसमोर तासभर आडवे पडणे, कोणीतरी नाडी पाहणे आणि 'आता बरे वाटेल' ही खात्री. प्लॅसिबो म्हणतात तो हाच. याला मनाचे खेळ म्हणून हसणाऱ्यांनी १९७८चा अक्कलदाढेचा प्रयोग पाहावा. दाढ काढल्यावर औषध नसलेल्या द्रावाने ज्यांची कळ कमी झाली, त्यांना नालोक्सोन दिल्यावर ती पुन्हा वाढली. नालोक्सोन अफूवर्गीय औषधांचा परिणाम तोडते. म्हणजे कळ शमवणारे द्रव्य शरीरानेच सोडले होते.

त्यासाठी रोग्याला फसवावे लागते, हा समज डॉक्टरांमध्येही आहे. २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांच्या गटाने आयबीएसच्या, म्हणजे पोटाच्या जुनाट तक्रारीच्या, ८० रोग्यांवर उलटे करून पाहिले. निम्म्यांना स्पष्ट सांगितले, 'या गोळ्यांत औषध नाही. तरी शरीर आपोआप प्रतिसाद देऊ शकते. विश्वास नसला तरी चालेल, पण गोळ्या चुकवू नका.' तीन आठवड्यांनी या गटातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम होता, गोळ्या न घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. प्रयोग छोटा आहे, मोजमाप रोग्याच्या सांगण्यावर आहे, हे खरे.

आणि मर्यादा तिथेच आहे. २०११ साली दम्याच्या रोग्यांना खरा आणि खोटा पंप देऊन पाहिले. बरे वाटल्याचे दोन्हीकडे जवळपास सारखेच सांगितले गेले. पण फुंकरीचे माप खऱ्या पंपाने २० टक्के वाढले, खोट्याने सुमारे ७. काहीच न दिलेल्यांचेही तेवढेच. दुखणे, मळमळ, थकवा इथे खात्री उपयोगी पडते. आवळलेली श्वासनळी, साखर, क्षयाचे जंतू तिला दाद देत नाहीत. म्हणून ती खऱ्या औषधाच्या जोडीला वापरायची, बदल्यात नाही.

डॉक्टरांनी गोळी देताना 'घेऊन पाहा' म्हणू नये. 'पॅरासिटामॉलने अर्ध्या-एक तासात ताप उतरू लागेल' असे वेळेसह सांगावे. ते खरेही आहे. दुष्परिणाम लपवू नयेत, पण 'शंभरातल्या नव्वदांना काही होत नाही' आणि 'दहांना त्रास होतो' यांतले पहिले वाक्य निवडावे. आकडा तोच, भीती कमी.

दवाखान्यांना आमची सूचना अशी: खाट ठेवा, कूलर ठेवा, सुई काढा. रोग्याला झोपवून रक्तदाब आल्या-आल्या आणि जाताना मोजा, दोन्ही आकडे त्याला दाखवा. मधल्या तासात ओआरएस घोटघोट द्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, छोटे २०० मिलिलिटरमध्ये. मोठे पाकीट एकाच पेल्यात ढवळण्याची चूक घरोघरी होते. त्या दाट पाण्याने जुलाब वाढतात. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे.

— औषधशास्त्राचे दोन शिक्षक, धंतोली, नागपूर