होडी दुखते म्हणालास तरी चालेल

सोलापूर,
११ ऑक्टोबर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जरा जास्तच बोलले. तू ‘आई, तुला इथलं, कोरियातलं नाही कळणार’ म्हणालास आणि मी फोन बाबांच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले. म्हणून हे पत्र. यात कोणाला मधेच तोडता येत नाही.

ताप आला याचा राग नाही. तो ताईला सांगितलास आणि मला नाही, हाही राग आता गेला. (पूर्ण नाही.) पण औषधाच्या दुकानात तू नुसता कपाळाला हात लावून दाखवलास, त्या बाईंनी काहीबाही विचारलं, तू ‘ने, ने’ (हो, हो) करत मान डोलावलीस, आणि मग चार दिवस रिकाम्या पोटी गोळ्या घेत राहिलास, हे डोक्यातून जात नाही. पाकिटावर ‘शिखु सामशिप-पुन’ छापलेलं होतं. तुला ते वाचता आलं. जेवणानंतर तीस मिनिटांनी, हे पाचव्या दिवशी कळलं.

अक्षरं येणं वेगळं. अक्षरं मलाही आली. ताईने तुझ्या वहीचे फोटो पाठवले होते, त्यावरून रोज दुपारी गिरवते. सेजोंग राजाने १४४६ मध्ये ही लिपी जाहीर केली, तेव्हा त्याच्या पंडिताने लिहून ठेवलंय म्हणे, की शहाण्याला ही सकाळ संपायच्या आत येईल, मठ्ठालाही दहा दिवस पुरतील. मला बारा लागले. पण काय डोकं त्या लोकांचं! ‘म’चा चौकोन म्हणजे तोंड, ‘न’ काढला की जीभ वर टेकलेली दिसते. आमच्या नर्सिंगच्या तक्त्यावरून उचलल्यासारखं. ‘क’ आणि ‘ख’ आपल्याला येतातच, तो तिसरा घसा आवळलेला ‘क’ मात्र तुझ्या बाबांना ठसका लागला तरच जमतो.

बरं, मुद्द्याचं. तुला कडुपुची गोष्ट सांगितली आहे का मी? सांगितली असेल. पुन्हा ऐक.

मी मालवणहून नवीनच इथे आले होते. ‘खंय दुखता?’ विचारलं की अख्खा वॉर्ड हसायचा, म्हणून कमीच बोलायचे. एका रात्री पूर्व भागातली एक पद्मशाली मावशी आली, सूत भरायला जाणारी, बोटांना चिरा पडलेल्या. ती सारखी ‘कडुपु, कडुपु’ करत होती. मला वाटलं तोंड कडू झालंय. मी तिला साखरपाणी दिलं रे! पहाटे झाडायला आलेल्या आयाबाईने सांगितलं, कडुपु म्हणजे पोट. अपेंडिक्स होतं. वाचली बाई, पण ती वाटी आणि तो चमचा मला अजून दिसतो. त्या आठवड्यात मी तेलुगूतला पहिला प्रश्न पाठ केला. ‘एक्कडा नोप्पी?’ कुठे दुखतंय? पुढे कानडी पेशंटसाठी ‘एल्ली नोवु?’ भाजीचा भाव विचारायला नंतर शिकले.

तुझ्या वहीत पहिल्या पानावर काय आहे? ‘मी भारतीय विद्यार्थी आहे’, ‘हे सफरचंद आहे’. सफरचंद आहे ते दिसतंयच की! ‘ऑदी आपायो?’ तेराव्या पानावर सापडलं मला. कुठे दुखतं? आणि ‘आपायो’ एवढंच खाली उतरत्या सुरात म्हटलं की उत्तर झालं, दुखतंय. मोरी म्हणजे डोकं. मोक म्हणजे घसा. बे म्हणजे पोट, होडी आणि नाशपतीसुद्धा. मालवणच्या माणसाला पोट आणि होडी एकच असायचं कारण कोणी समजावायला नको. ‘बे-गा आपायो’ म्हण, वाटल्यास होडी दुखते म्हण, लोक समजून घेतात. तिकडच्या अँब्युलन्सचा एकशे एकोणीस नंबर फोनमध्ये घातलास का? घातला असशील. तरी बघ.

झालं, सुरू झालं माझं लेक्चर. सोड.

वर्षभरात टोपिकची, त्या कोरियन भाषेच्या परीक्षेची, तिसरी पातळी गाठायची आहे, माहीत आहे मला. पण घाबरतोस कशाला? क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आपल्या ‘पोटात’ला ‘त’ तसे त्यांचे प्रत्यय मागे चिकटलेले, थोरांशी बोलताना क्रियापद बदलायचं हे तर तू आजोबांच्या धाकाने तिसऱ्या वर्षी शिकलास. तासाला एक आकडे आणि मिनिटांना दुसरे, हे मात्र अति आहे. आणि वर्गात सोलची भाषा, मासळीबाजारात बुसानची, म्हणून वैतागू नकोस. हसतील. हसू देत. त्या बाजारातल्या बाया तुला जे शिकवतील ते वर्गात यायचं नाही. ‘जेवलास का’ असं त्या ओळख नसताना विचारतात म्हणालास ना? मग त्यांना खरं सांगत जा.

‘उरी ऑम्मा’ मला फार आवडलं. माझी आई नाही म्हणायचं, आपली आई म्हणायचं. शेजारच्या काकूंना मी तीनदा सांगितलं. निनाद तिकडे सरकारी शिष्यवृत्तीवर आहे हेही सांगितलं, ते मात्र त्यांनी विचारल्यावर. निदान पहिल्यांदा तरी.

आल्याची वडी आणि मेतकूट पार्सल केलंय. शेंगाचटणी ताईने घातली, तिखट आहे, आधी ताप उतरू दे.

रविवारी इथे साडेपाच, तुझ्याकडे नऊ. मी ‘ऑदी आपायो’ विचारणार आहे आणि तू ‘काही नाही’ म्हणायचं नाहीस.

तुझी,
आई

ता. क. ताईने माझ्या गुडघ्याबद्दल काही सांगितलं असेल तर तिकडे लक्ष देऊ नकोस. काही नाही ते.