प्रतिकाराची किंमतही दिसावी

संपादक महोदय,

जर्मनीच्या ताब्यातील पॅरिसमध्ये घडणारा ‘द सॅबोटर’ हा २००९ सालचा व्हिडिओ गेम मी नुकताच पूर्ण केला. नाझींची पकड जिथे घट्ट आहे तो परिसर त्यात कृष्णधवल दिसतो. करड्या भिंतींवर झेंड्यांचा लाल रंग तेवढा अंगावर येतो, आणि नायक शॉन डेव्हलिनच्या कारवायांमुळे लोकांना धीर आला की त्याच रस्त्यांवर रंग परततात. पारतंत्र्य इतक्या थेटपणे डोळ्यांना जाणवून देणारी कल्पना मी अन्य कुठल्याही गेममध्ये पाहिलेली नाही.

डेव्हलिन हे पात्र ज्यांच्यावरून सुचले, त्या विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी १९२९ मध्ये मोनॅको ग्रां प्री ही मोटारशर्यत पहिल्याच वर्षी जिंकली होती. पुढे ब्रिटिशांचे गुप्तहेर म्हणून फ्रान्समध्ये काम करताना ते १९४३ मध्ये पकडले गेले आणि परतलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. गेममध्ये टेहळणीचा मनोरा उडवल्यावर पाठलाग चुकवून लपले, की प्रकरण मिटते. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९४१ मध्ये फ्रान्समधील नांत शहरात एका जर्मन अधिकाऱ्याची हत्या झाल्यानंतर ४८ ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यांत गी मोके हा अवघ्या १७ वर्षांचा मुलगाही होता. आपल्या कृतीची शिक्षा कोणाच्या वाट्याला येईल, हा प्रश्न तेव्हाच्या प्रतिकारकांना टाळता येत नव्हता. व्याप्त प्रदेशावर गेम बनवणाऱ्यांनी तो खेळाडूसमोरही ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक