प्रश्न कोणी थांबवला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, हिटलरची उलटतपासणी घेणारा जर्मन वकील हान्स लिटन याच्यावरचा लेख वाचला. विषय चांगला निवडलात, आभार. पण सोबत फोटो नाझी नेत्यांवरच्या न्युरेम्बर्ग खटल्याचा? तो खटला सुरू झाला १९४५ साली. लिटन ५ फेब्रुवारी १९३८ रोजीच नाझींच्या डाखाऊ छळछावणीत वारला. मेलेल्या वकिलाला सात वर्षांनी कोर्टात हजर करणे आपल्याच पुरवणीला जमते! असो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेखकमहाशयांच्या मते ८ मे १९३१ रोजी बर्लिनच्या मोआबिट कोर्टात लिटनने साक्षीला आलेल्या हिटलरला चीत केले. खटला नाझी गुंडांनी कामगारांवर केलेल्या हल्ल्याचा, लिटन जखमी कामगारांचा वकील. माझा उभा जन्म फौजदारी कोर्टात गेला, म्हणून विचारतो, चीत केले म्हणजे नक्की काय झाले? हिटलरने आदल्या वर्षी लाइपझिगच्या कोर्टात शपथेवर सांगितले होते, सत्ता घेऊ ती कायदेशीर मार्गानेच. लिटनने हिटलरचा सहकारी गोबेल्स याची पुस्तिका पुढे केली. तिच्यात तर उघड क्रांतीची भाषा. पक्षाने तिला मान्यता दिलेली नाही, असे हिटलर म्हणाला. जेवणाच्या सुट्टीनंतर लिटन परत आला तो माहिती घेऊनच: पुस्तिका पक्षाच्याच प्रकाशनगृहाची. मग पक्षाची मान्यता नाही, हे कसे? हिटलर लालबुंद होऊन ओरडू लागला. इथे तुमचा लेख टाळ्या वाजवतो आणि संपतो.

पुढे काय झाले? मुख्य न्यायाधीशांनी प्रश्नच नाकारला. खटल्याशी संबंध नाही म्हणे! आपल्याकडे मूळ फिर्यादीचा वकील सरकारी वकिलाच्या मागे बसून चिठ्ठ्या सरकवतो. तिथे जखमी कामगारांच्या वकिलाला थेट प्रश्न विचारायचा हक्क होता, आणि तो नेमका हवा तेव्हा काढून घेतला गेला. तुमच्या लेखात त्या न्यायाधीशांचा उल्लेखसुद्धा नाही.

मला एक प्रकरण आठवते. तालुक्याच्या कोर्टात मारहाणीचा खटला, मी आरोपीतर्फे. पंचनाम्याची वेळ सकाळची, आणि पंच तर त्या वेळी एसटीने दुसऱ्या गावाला गेलेला. पंचाने दोनदा पाणी मागितले. पुढचा प्रश्न माझ्या तोंडातून निघतो तोच साहेब म्हणाले, ‘वकीलसाहेब, इर्रेलेव्हंट. पुढे चला.’ निदान प्रश्न नोंदवून घ्या म्हटले, तर टंकलेखकाला थांबायची खूण. बार रूममध्ये सगळे पाठ थोपटत होते, काय धरलात पंचाला! चहाही त्यांनीच पाजला. अशिलाला शिक्षा लागली. अपिलात सुटला, पण तोवर जमीन गहाण पडली होती. त्या चहाची चव मला अजून कडूच लागते, आणि कालचा लेख त्याच चहाच्या जातीचा आहे.

लिटनच्या प्रश्नाचे उत्तर कोर्टाने घेतले नाही. ते जर्मनीला पुढे मिळालेच. राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेला, आग लागली त्याच रात्री, २८ फेब्रुवारी १९३३ च्या पहाटे, लिटनला घरातून उचलले. आरोपपत्र नाही, खटला नाही, ‘संरक्षक कोठडी’ म्हणे. मग एकामागून एक छावण्या: झोननबुर्ग, एस्टरवेगन, लिख्टेनबुर्ग, बुखेनवाल्ड, शेवटी डाखाऊ. आणि त्याची आई इर्मगार्ड हिला तुम्ही अर्धी ओळ दिलीत! त्या बाईने मुलाच्या सुटकेसाठी पाच वर्षे मंत्री, सेनापती, बिशप, कोणाचा उंबरठा झिजवायचा ठेवला नाही. ब्रिटनमधल्या कायदेपंडितांनी हिटलरकडे अर्ज केला, तोही फेटाळला. नंतर देश सोडून तिने पुस्तक लिहिले. खरा लेख तिच्यावर व्हायला हवा होता, पण तिथे उलटतपासाचा तमाशा नाही ना!

जाता जाता, पुरवणीतले कायदेविषयक सदर बंद करून तिथे राशिभविष्य दुप्पट केलेत. वाचकांची मागणी असेल, तर मी वाचक नाही असे समजावे का?

मागच्या खेपेस माझ्या पत्राचा मधला भाग कापून फक्त ‘आभार’ छापले होतेत. या वेळी कापायचेच झाले तर माझा पंच कापा, न्यायाधीश राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार (निवृत्त वकील), कराड