साडेचार लाखांची अट आता तरी बदला

महोदय,

राष्ट्रीयीकृत बँकेत मी ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची बरीचशी तालुक्याच्या गावी कर्ज विभागात. कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीची, अलॉटमेंट लागली की आमच्या टेबलापुढे पालकांची रांग लागायची. त्यातले एक गृहस्थ अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. एसटीचे ड्रायव्हर. मुलीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला : ४ लाख ६८ हजार. केंद्राच्या शैक्षणिक कर्ज व्याज अनुदान योजनेची उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. वरचे १८ हजार ओव्हरटाइमचे होते. ते म्हणाले, "साहेब, आषाढीला जादा गाड्या मारल्या, ते चुकलंच म्हणायचं का?" मला उत्तर देता आले नाही.

कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष कर्जाचे व्याज सरकार भरते. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे शिकलेली मुले मी पाहिली आहेत. पण ही मर्यादा २००९ साली ठरली आणि आजही तीच आहे. तेव्हाची फी, मेसचे दर, खोलीभाडे आज कुठे राहिले आहे? आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाला सरकार ८ लाखांची मर्यादा धरते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही ८ लाखच. मग त्याच घरातली मुलगी कर्ज काढायला आली की ती एकदम सधन कशी होते?

या अटीची किंमत किती, ते सांगतो. दर वर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख उचलले. दहा टक्के सरळ व्याजाने हप्ता सुरू होईपर्यंत २ लाख १० हजार व्याज चढते. म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधीच डोक्यावर ८ लाख १० हजार. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये. व्याज सरकारने भरले असते तर तो ७,९०० च्या आसपास आला असता. नव्याने नोकरीला लागलेल्या, पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरीला महिन्याला २,८०० रुपये थोडे नसतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना आली. तिच्यात ८ लाखांपर्यंतच्या कुटुंबांना व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती (सुरुवातीला ८६०), आणि नव्याने लाभ वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच. लातूर, धाराशिव, हिंगोलीकडची बहुतेक मुले शिकतात ती कॉलेजे या यादीत शोधून सापडत नाहीत. खरे तर त्या कॉलेजात मुलांना सरकारच पाठवते, राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या कॅपमधून. सरकारने जिथे जागा दिली, तिथे शिकणाऱ्याला सरकारची मदत नको का मिळायला? साडेचार लाखांच्या जुन्या योजनेत नॅक-एनबीए मानांकनाची, म्हणजे कॉलेजच्या किंवा अभ्यासक्रमाच्या दर्जाच्या प्रमाणपत्राची, अट आहे. कॉलेजने मानांकन घेतले नाही, तर त्याचा भुर्दंड मुलाने का सोसावा?

माझी सूचना अशी. व्याज अनुदानाची मर्यादा सरळ ८ लाख करावी आणि दर तीन वर्षांनी महागाईप्रमाणे वाढवावी. मर्यादेच्या थोडे वर गेलेल्याला एकदम बाहेर न काढता निम्मे अनुदान द्यावे. कॅपमधून मिळालेले प्रत्येक कॉलेज पात्र धरावे. केंद्राला वेळ लागणार असेल तर राज्याने पुढे व्हावे. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आपल्याकडे आहेच, तशीच सगळ्या गरजू मुलांसाठी करता येईल.

आणखी एक. मर्यादेत बसत असूनही बँकेत वेळेवर दाखला न दिल्यामुळे अनुदान हुकलेली मुले मी पाहिली आहेत. कर्ज मंजूर करतानाच शाखेने अनुदानाचा अर्ज भरून घेणे सक्तीचे करावे.

आमच्या भागातल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा आणि पुढच्या कॅप राउंडआधी निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, लातूर